काचेच्या पाटापाशी

माझी आत्या आयुष्यभर पाण्यातले मातीचे कण वर-खाली कसे होतात ते बघत आली. कुणाला हे सांगितलं की आधी ते हसायचे आणि मग विचारायचे, याचा पगार मिळतो का? मिळायचा. ती पाण्यावर संशोधन करणाऱ्या एका केंद्रात होती. तिथल्या लांबट शेडमध्ये काचेच्या भिंतींचा एक पाट होता आणि त्यातून वीतभर खोल पाणी वाहत असायचं. आत्या वरच्या टोकाला बारीक माती सोडायची, बाजूनं उजेडाची एक अरुंद पट्टी टाकायची आणि स्टुलावर बसून त्या पट्टीत चमकणाऱ्या कणांचे फोटो घेत राहायची. बाहेरचा उजेड आत येऊ नये म्हणून खिडक्यांना काळा कागद लावलेला. संध्याकाळी बाहेर आली की तिचे डोळे लाल झालेले असायचे.

आजीला हे काम कधी पटलं नाही. "मुलगा इंजिनियर झाला आणि मुलगी चिखल बघत बसते," असं ती आल्यागेल्याला सांगायची. मुलगा म्हणजे माझे बाबा. आत्यापेक्षा लहान, आजीचा जीव की प्राण. त्यांचं गणित कच्चं होतं, ते आत्यानं पक्कं करून घेतलं आणि त्या गणिताच्या जोरावर ते शहराच्या पाणीपुरवठा खात्यात लागले. तेव्हा सगळे एकाच घरात राहायचे: आजी, आत्या, बाबा, नुकतीच लग्न होऊन आलेली आई. मी तेव्हा नव्हते. पुढचं सगळं मला आईनं सांगितलं, तेही फार उशिरा.

शहरासाठी नवी टाकी बांधायची होती. नदीचं गढूळ पाणी आधी त्या टाकीतून सावकाश पुढे सरकायचं, गाळ तळाशी बसायचा आणि वरचं निवळ पाणी गाळणीकडे जायचं, असा बेत. काम बाबांकडे होतं. खोदताना अर्ध्यावरच कातळ लागला. तो फोडायचा तर उद्घाटन पुढे ढकलावं लागणार आणि साहेबांना ते चालणार नव्हतं. बाबांच्या मनात आलं, लांबी-रुंदी आहे तेवढीच ठेवू, खोली निम्मी करू.

सुट्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी तिथेच टेबलाशी बसून आत्याला विचारलं. आजी अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. आई ओट्याशी भांडी घासत होती.

"उथळ टाकीत कणाला खाली यायला अंतरच कमी. म्हणजे लवकर बसेल ना?" बाबा म्हणाले. "पुस्तकातही खोलीला महत्त्व नाही, वरच्या क्षेत्रफळाला आहे."

"बसेल," आत्या म्हणाली. "पण बसून राहणार नाही."

मग ती उठली, चहाच्या पातेल्यातला उरलेला चोथा स्टीलच्या ट्रेमध्ये पसरला, ट्रे जरासा कलता धरला आणि तांब्यानं पाणी सोडायला लागली. पाण्याचा थर जाड होता तोवर चोथा तळाला चिकटून होता. तिनं ट्रे आणखी कलता केला, पाण्याचा थर पातळ झाला आणि धावू लागला. चोथ्याचे कण उड्या मारत वर यायला लागले. खोली निम्मी केलीस तर तेवढंच पाणी दुप्पट वेगानं जाणार, असं तिनं समजावलं. तळाच्या खडबडीतपणातून भोवरे सुटणार आणि पाणी इतकं थोडं असल्यावर ते थेट वरपर्यंत पोचणार. खाली टेकलेला कण पुन्हा उचलला जाणार. आपण काचेतून हे रोज बघतो, असंही ती म्हणाली. आजीला टेबल ओलं झाल्याचा राग आला. आईनं फडकं आणून पुसलं.

बाबांनी मान हलवली, बघतो म्हणाले आणि झोपायला गेले. टाकी उथळच झाली. उद्घाटनाला आत्याला बोलावलं होतं, ती गेली नाही. तिनं बाबांच्या साहेबांना जाऊन का सांगितलं नाही, असं मी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "सख्ख्या भावाची चहाडी कशी करायची? आणि तिला वाटलं, तो ऐकेल."

कोरड्या दिवसांत सगळं ठीक चाललं. पुढे नदीला मोठं गढूळ पाणी आलं आणि टाकीतून जसं आत गेलं जवळजवळ तसंच बाहेर पडलं. गाळण्या बंद पडल्या. शहराला तहानेलं ठेवता येत नाही म्हणून खात्यानं पाणी न गाळताच सोडलं. उतारावरच्या वस्तीत, जिथे नळाला सगळ्यात शेवटी पाणी यायचं, तिथे जुलाब-उलट्यांची साथ आली. लहान मुलं गेली. किती, यावर दोन वर्तमानपत्रांत वाद चालला होता.

चौकशी बसली. बाबांना बोलावलं तेव्हा ते म्हणाले, मी संशोधन केंद्रातल्या माणसाला विचारून केलं. कोणाला? माझ्या बहिणीला. ती काय म्हणाली? गाळ बसेल म्हणाली.

यात खोटा शब्द एकही नव्हता. वाक्य फक्त अर्धं होतं.

केंद्राच्या प्रमुखांनी आत्याला बोलावलं. तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमचं काम मला ठाऊक आहे, तुम्ही असं अर्धवट सांगणार नाही. पण त्या वेळी तिथे कोणी होतं का? घरातलं का होईना, कोणी दोन ओळी लिहून दिल्या तर मी तुमच्यासाठी भांडतो.

आत्या त्या दिवशी लवकर घरी आली. बाबा कामावर होते. आजी पलंगावर बसली होती. आत्या तिच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, मी त्या दिवशी काय सांगितलं ते तू ऐकलंस. तेवढंच सांग, जास्त काही नको.

आजीनं पलंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मला त्यातलं काय कळतं?"

"कळायला नको. ऐकलंस की नाही?"

"त्याच्या मागे बायको आहे, उद्या पोरंबाळं होतील. तुझं काय, एकटा जीव. तुला कोण काय करणार आहे?"

आत्यानं मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई तिथे उभी होती. पोटात मी होते. आई म्हणते, "ताईंनी मला विचारलंसुद्धा नाही, नुसतं पाहिलं. मी आत गेले आणि नळ सोडला."

त्या आठवड्यात आत्यानं घर सोडलं. केंद्रानं तिला काढलं नाही, पाटावरून हलवून उपकरणांच्या गोदामात बसवलं. पंप, मापं, काचेच्या नळ्या द्यायच्या आणि परत आल्या की जागच्या जागी ठेवायच्या. निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती. पुढे कुठल्याशा परदेशी लोकांनी लेझर लावून तेच दाखवलं: उथळ प्रवाहात कण खाली येण्याआधी कितीदा वर फेकला जातो. केंद्रात त्यावर व्याख्यान ठेवलं होतं. प्रोजेक्टरची वायर आत्याच्याच गोदामातून गेली. ती व्याख्यानाला बसली नाही.

बाबा चढत गेले. चौकशीचा ठपका शेवटी "चुकीच्या सल्ल्यावर" ठेवला गेला.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आमच्याकडे घराचं काम काढलं होतं. थोडे दिवस म्हणून बाबांनी तिला आत्याच्या दोन खोल्यांत नेऊन ठेवलं. काम संपलं, फरशी नवी झाली, आजी तिकडेच राहिली. आत्यानं तिचं सगळं केलं. आजी दार वाजलं की विचारायची, तो आला का? बहुतेक वेळा दूधवाला असायचा. ती गेली तेव्हा बाबा ढसाढसा रडले. आत्या औषधाच्या बाटल्या पिशवीत भरत होती.

त्यानंतर केव्हातरी आईनं मला हे सांगितलं. मी दुसऱ्याच दिवशी आत्याकडे गेले. आधीही अधूनमधून जायचे, पण त्या दिवशी सरळ म्हणाले की मला सगळं कळलंय. तिनं गॅस बारीक केला.

"तुझी आई सांगायला तयार आहे का?" तिनं विचारलं. "मला नव्हे. तुझ्या बाबांसमोर."

मी आईला विचारते म्हणाले. घरी येऊन विचारलं. आई म्हणाली, आता काय उपयोग, ते निवृत्त झालेत, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, कशाला उकरून काढायचं. मी बरीच भांडले. मग बाबा आले, आणि आम्ही तिघं जेवायला बसलो.

पुढच्या वेळी मी आत्याला तसं सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली. आम्ही चहा घेतला. निघताना मी चप्पल घालत होते तेव्हा ती दाराशी आली.

"तू आता येत जाऊ नकोस," ती म्हणाली. "तुझ्यावर राग नाही माझा. पण मी बोलत असले की तू मान हलवतेस ना, अगदी त्याच्यासारखी. मला ते बघवत नाही."

तिनं दार हळूच लावलं.