चार पानी खुलासा

आमच्या थोरल्या साडूंइतका हट्टानं बरोबर असणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात नसेल. चुकत असते तर सुखानं भांडता तरी आलं असतं! शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि तेव्हापासून लंडनच्या कडेला पिनरमध्ये बसून जगाला शुद्ध करण्याचं काम पूर्णवेळ करतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत बॅटरीवरची समई दिसली की यांचे हात मागे. "नमस्कार कुणाला करू? बॅटरीला?" मंडळाची निमंत्रणपत्रिका लाल शाईनं तपासून परत पाठवतात. त्यांना कुणी प्युरिटन, म्हणजे अतिसोवळे, म्हटलं की मात्र चहा गार होईपर्यंत सुटका नाही. "अहो, ही मुळात शिवी! साडेचारशे वर्षांपूर्वी विरोधकांनी दिलेली. त्या बिचाऱ्यांना चर्चमधली उरलीसुरली रोमन कर्मकांडं तेवढी काढायची होती. बिअर प्यायचे, रंगीत कपडे घालायचे. आनंदाचे वैरी वगैरे सगळं नंतर चिकटवलेलं!" हे सांगताना अंगात कायमचा राखाडी कार्डिगन आणि पुढ्यात बिनसाखरेचा चहा.

बायको गेल्यावर त्यांना एकुलती एक मुलगी उरली. ती कार्डिफला हॉस्पिटलात डॉक्टर. तिनं तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं आणि हॉलच्या वेळेत बसावेत म्हणून विधी चाळीस मिनिटांचे केले. साडू म्हणाले, "सगळे करा, नाहीतर नुसतं रजिस्टर करा. अर्धवट कन्यादानाला मी बसणार नाही." फोनवर ती रडत म्हणाली, "बाबा, यू आर सच अ प्युरिटन! येणार की नाही, तेवढं सांगा." तेवढंच यांनी सांगितलं नाही. चार पानी पत्र धाडलं: शब्दाचा उगम, अर्थ कसकसा बदलत गेला, आणि तिनं तो कुठे चुकीचा वापरला.

तिचा मला फोन आला. "काका, बाबांचा लेटर आला. फोर पेजेस. येतो असं कुठेच नाही लिहिला. तुम्ही आणि मावशी बसाल?"

आम्ही बसलो. तिचे हात थंडगार होते. त्या दिवशी मी साडूंना मनातल्या मनात दिलेल्या शिव्यांना मात्र काहीही इतिहास नव्हता.

महिन्याभरानं फोटो घेऊन पिनरला गेलो, मुद्दाम टोचायलाच. ते एकेक फोटो चष्मा सरसावून पाहत होते. कन्यादानाच्या फोटोवर थांबले. "बोटं इतकी फाकवायची नसतात. पाणी सांडतं. ओंजळ अशी धरायची." त्यांनी दोन्ही हात जुळवून पुढे केले.

"मला सगळं नीट येत होतं हो," ते म्हणाले.

चार शब्द सुनावायची तयारी करून गेलो होतो. त्या रिकाम्या ओंजळीपुढे एकही सुचला नाही, आणि त्याचाही मला रागच आला.