डिकीत ठेवलेली नळी

पुण्यातलं गिऱ्हाईक बिल भरण्याआधी डिकी उघडतं. बदललेला जुना पार्ट पिशवीत घालून तिथे ठेवलेला असावा लागतो. नसला तर लगेच, "बदललात कशावरून?" वाघोलीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाड्यांच्या तक्रारी लिहून घेता घेता माझे केस पांढरे झाले, पण ही खोड मला कायम आवडली.

म्हणूनच तो आदेश टोचला. आमच्या एका मॉडेलमध्ये ब्रेकला जोर देणारी रबरी नळी उष्णतेने तडकत होती. तडकली की पेडल दगडासारखं कडक, ब्रेक लागता लागत नाही. कंपनीने जाहीरपणे गाड्या परत बोलावल्या नाहीत. आम्हाला तोंडी सांगितलं: सर्व्हिसला येईल तिची नळी बदला, बिलावर लावू नका, जुनी नळी गिऱ्हाइकाच्या हाती पडू देऊ नका. आम्ही तसंच केलं. गाडी धुऊनपुसून द्यायची आणि गोड हसायचं. जे बाहेरच्या गॅरेजला जातात त्यांचं काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

उलट एकजण सिग्नलला पुढच्या टेम्पोवर आदळून आला, तेव्हा मी म्हणालो, "साहेब, पाय नीट पडला नसेल." तो बायकोसमोर ओशाळला. हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात नारायण पेठेतले एक निवृत्त मास्तर गाडी न्यायला आले. त्यांच्यादेखत मी काढलेली नळी डिकीत ठेवली.

"हे काय? बिलात तर नाही."

"ब्रेकची नळी, सर. मुळातच सदोष. या मॉडेलच्या सगळ्याच गाड्यांना आहे."

"मग सांगितलं नाहीत ते? मुहूर्त बघत होतात?"

मग त्यांचाच आवाज उतरला. "माझ्या मुलीकडे हीच गाडी आहे. ती बाहेर सर्व्हिसिंग करून घेते. नातीला रोज त्यातूनच शाळेत सोडते."

"तिला आत्ता फोन करा. गाडी जागची हलवू नका म्हणावं. मी टोचनवाला पाठवतो."

तासाभरात गाडी टोचन लावून दारात आली. मागोमाग रिक्षाने मुलगी. मॅनेजर बाहेर धावले. "तक्रार काही नाही, मग टोचन कशाला? यांना सांगितलं कोणी?"

"मी."

मॅनेजर माझ्या कानाशी आले. "अहो, तुमची स्वतःची मुलगी अजून कॉलेजात आहे ना? जरा विचार करा. आत या, बोलू."

"आत नको. इथेच बोलू."

मी बॉनेट उघडलं. नळीला बोटभर चीर होती. मास्तरांच्या मुलीने ती पाहिली आणि गाडीच्या कडेला टेकून उभी राहिली. मी वळलो आणि खुर्च्यांवर चहा पीत बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सगळं सांगून टाकलं. नळी कुठली, का तडकते, आम्ही ती का लपवली, आणि त्या माणसाच्या पायाला मी कसा दोष दिला, तेही. घाबरलो नाही असं म्हणणार नाही. पण थांबलो नाही. नोकरी काढून घेतील, घेऊ देत. पुन्हा कुणाला पाय नीट टाका म्हणून सांगणार नाही.

मॅनेजर केबिनमध्ये गेले, दार लावून घेतलं.

एका गृहस्थांनी कप खाली ठेवला. "अहो, बाहेर उभी आहे ती पांढरी आमची. तिलाही हीच का?"

"हीच," मी म्हणालो. "किल्ली द्या."