पाकळी पडण्याआधी

डॉक्टरबाईंनी संमतीपत्र पुढे केलं, पण माझा हात उचलेना. लालबागमधलं लहान इस्पितळ. नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आला होता. अँजिओप्लास्टीची सोय तिथे नव्हती आणि मोठ्या रुग्णालयाचा रस्ता विसर्जनाच्या गर्दीने बंद होता. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यावं लागणार होतं. "क्वचित मेंदूत रक्तस्राव होतो," त्या म्हणाल्या, "पण थांबण्यात धोका जास्त आहे, काकी. जितका उशीर, तितका हृदयाचा स्नायू मरतो." मला रक्तस्राव एवढंच ऐकू आलं. ते गेले तर माझ्या सहीने जातील, असं वाटत राहिलं.

आमच्या सासरी घर घ्यायचं असो की लग्न ठरवायचं, गावच्या देवाचा कौल लागतो. गुरव पाषाणाला फुलाच्या पाकळ्या लावतात; उजवीकडची आधी पडली तर होकार. कधी ती लगेच पडते, कधी अर्धा दिवस पडत नाही. हे ठाऊक असूनही मी कोकणात फोन लावला. म्हाताऱ्या गुरवांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "कौल लावा. तोवर मी सही करत नाही."

ते उखडले. "अगो सुनबाय, डॉक्टर थंय उभी आसा मां? मगे माका कित्याक इचारतंस? पाकळी पडासर तुझो घोव रवतलो काय? आधी सही कर. देवाक काय सांगूचा ता मी सांगतंय."

मी सही केली.

इंजेक्शन गेल्यावर काही वेळाने मॉनिटर किंचाळू लागला. पडद्यावरचे ठोके वेडेवाकडे धावत होते. मी भिंतीला टेकून खाली बसले. देवाचं नावही आठवेना. डॉक्टरबाई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "रक्त पुन्हा वाहू लागलं की कधी कधी असं होतं. थांबा." त्यांचाही हात घट्ट मिटलेला मला दिसला. मग ठोके सरळ झाले. थोड्या वेळाने नवरा पुटपुटला, "छातीवरचा धोंडा उतरला गो."

औषधाने गुठळी विरघळवली, हे मी मान्य करते. पण मला सहीपर्यंत कोणी नेलं, हेही मला ठाऊक आहे. डॉक्टरबाई आणि गुरव, या दोघांची मी आजन्म ऋणी आहे. आजही रोज हात जोडते. फक्त उत्तराची वाट पाहत उभी राहत नाही.