भागीरथा मॅडमची हाक

आर्णीच्या त्या इंग्रजी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, भागीरथा भोयरची एक खुर्ची आहे. तिच्यावर तिची पिशवी बसते. भागीरथा उभी असते. डबा उभ्यानं खाते, हजेरी उभ्यानं घेते, सभेत दाराला टेकून उभी राहते. कोणी बस म्हटलं की म्हणते, "हाव, बसते ना." आणि बसत नाही.

घाटंजीजवळच्या गावात कापूस-तुरीच्या घरात ती वाढली. नाव आजीचं. त्या जुनाट नावाला वर्गातल्या पोरी हसायच्या. ती कबड्डीत चढाई करू लागली आणि हसणं थांबलं. अंगानं काटक. एका श्वासात समोरच्यांच्या अंगणात शिरायची, कोणाला तरी बोट लावायची आणि मध्यरेषेकडे झेप घ्यायची. कबड्डीत जो परततो त्याचे गुण. जो तिकडे अडकला तो मेला. मागून मैत्रिणी ओरडायच्या, "फिर, भागी, फिर!" ती हाक तिच्या पायांना डोक्याच्या आधी कळायची.

पुढे आयुष्यही ती तसंच खेळली. पुण्याच्या निवड शिबिरात पोचली, तर वडिलांचा फोन आला. विठ्ठलराव म्हणाले, "माय बिमार आहे, ये." ती आली. माय बरी होती, शेतात सोयाबीन काढत होती. लग्न होऊन राजूरला गेली. काही वर्षांनी भाऊ गाडी घेऊन दारात उभा राहिला, माहेरी चल म्हणाला. ती पिशवी घेऊन निघाली. बोलावलं की परतायचं. त्यात हरल्यासारखं तिला कधी वाटलं नाही. फक्त परतल्यावर बसवेना.

शाळेत ती कबड्डी शिकवायची. मग संस्थेचे अध्यक्ष रामरावजी एक दिवस म्हणाले, "कबड्डी तर झेडपीच्या शाळेतही असते, मॅडम. आपण रग्बी करू." जिल्ह्यातल्या आणखी काही खासगी शाळांनीही तेच ठरवलं होतं. प्रवेशाच्या फलकावर तो लांबट चेंडू छापून आला. भागीरथा नागपूरच्या शिबिरातून नियम शिकून आली. चेंडू हातात घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पळायचं आणि तो जमिनीला टेकवायचा. पाच गुण. मग जिथे टेकवला त्याच्या समोरून लाथ मारून तो रेषेवरच्या दोन उंच खांबांमधून काढला, तर आणखी दोन. सोबत्याकडे चेंडू द्यायचा तर मागेच द्यायचा. हा शेवटचा नियम तिला लगेच पटला.

तिची नोकरी कराराची. यंदाच्या स्पर्धेआधी रामरावजींनी तिला बोलावून घेतलं. बोलणं गोडच होतं. "कप आला तर जूनमध्ये पुन्हा सही. नाही आला तर नागपूरचा एक पोरगा तयार आहे. तुम्ही समजून घ्याल."

अंतिम सामना यवतमाळच्या मैदानावर होता, वणीकडच्या एका शाळेशी. काळी माती वाळून भेगाळलेली. एका बाजूस मांडव, त्यात पालक, पाण्याचे जार, रामरावजी. दुसऱ्या बाजूस भागीरथा. रेषेलगत जात होती, येत होती, जात होती. तिच्या चपलांनी तिथे एक पायवाट पडली होती.

तिचा सगळा भरवसा पियूषवर होता. भूमी अभिलेखातल्या कारकुनाचा हा मुलगा तिच्या कबड्डीच्या संघातूनच आलेला. हातात धरू गेलं तर सापडत नसे.

पहिल्या डावात पियूष चेंडू घेऊन सुटला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि रेषेच्या पार गेला. आता फक्त वाकायचं होतं. पण दोन्ही अंगांनी वणीची तीन पोरं त्याच्यावर धावली. भागीरथाला दिसलं ते एवढंच, की आपलं पोरगं त्यांच्या अंगणात आहे आणि त्याला घेरलंय. तिच्या पोटातून हाक निघाली.

"फिर! पियूष, फिर!"

पियूष फिरला. चेंडू छातीशी धरून रेषेच्या अलीकडे आला आणि थेट एका धिप्पाड पोराच्या मिठीत सापडला. चेंडू सुटला. वणीच्या पोरानं तो उचलला आणि अख्खं मैदान पार करून इकडच्या टोकाला टेकवला. लाथ हुकली, पण पाच शून्य झालं. मांडवात हसू फुटलं.

मध्यंतरात पोरं धापा टाकत गोळा झाली. लाथ मारणारा सलील पियूषच्या अंगावर गेला.

"अबे, तिथंच टेकवाचा होता ना! चढाई करून आला का बे तू? कोणाले हात लावून आला?"

"दम घुटला असंन त्याचा," दुसरा म्हणाला. "कबड्डी कबड्डी म्हणत होता ना मनात."

सगळे हसले. कोपराचं रक्त शर्टाला पुसत पियूषनं एकदा भागीरथाकडे पाहिलं.

"त्याले काय बोलता?" भागीरथा म्हणाली. "मीच फिर म्हणलं. तो फिरला."

सलीलनं बाटली खाली ठेवली. "मॅडम, तुम्ही कायले म्हणलं?"

"निंगून गेलं तोंडातून."

"मंग आता नका म्हणू ना."

"जमणार नाई रे. मी ओरडतेच."

"तोंडात रुमाल कोंबा."

"आणि मले तं ऐकू येते," पियूष हळूच म्हणाला. "तुमचा आवाज आला की पाय आपोआपच फिरते, मॅडम."

शिटी वाजली. दोन्ही संघांनी बाजू बदलल्या. भागीरथानं रुमाल दातांत धरून पाहिला. मग काढला. पोरगं हाकेसरशी येतं. हाक न मारणं आपल्याला जमत नाही. मग उरलं काय? तिनं पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट उचलला आणि चालू लागली. मैदानाला वळसा घालून, मांडवापुढून, रामरावजींच्या समोरून.

"मॅडम, कुठं निघाल्या? सामना इकडे आहे!" कोणी तरी ओरडलं.

ती थांबली नाही. वणीच्या टोकाला, दोन उंच खांबांच्या मागे, भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. पंच लांबून हात हलवत होते. तिनं क्रेट दाखवला, पाणी, पाणी, असं खुणेनं सांगितलं.

वेळ संपत आला तेव्हा चेंडू पियूषकडे आला. तो कडेनं निघाला, रेषेबाहेर ढकलला जाणार असं दिसलं. भागीरथानं क्रेट टाकला.

"पियूष! इकडं फिर! फिर घरी!"

पियूषचे पाय वळले. कडेवरून तो तिरपा आत शिरला, खांबांच्या दिशेनं, तिच्या दिशेनं. मागून कोणी तरी त्याची पँट धरली. तो ओढत ओढत आला. रेषा ओलांडल्यावरही थांबेना, तिच्यापर्यंत यायला निघाला. भागीरथा गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळहातांनी जमीन बडवू लागली. "इथं! इथं ठेव!" त्यानं अंगासकट चेंडू मातीत घातला.

खांबांच्या बरोबर मध्ये टेकलेला. सलीलनं समोरून लाथ मारली. सात पाच.

वणीचे सर तक्रार घेऊन आले. पंचांनी भागीरथाला सगळ्यांदेखत झापलं, पुन्हा असं केलं तर मैदानाबाहेर काढीन म्हणाले. गुण मात्र तसेच ठेवले. ती मान हलवत राहिली. तिचे तळहात सोलले होते.

रामरावजींनी कपासोबत फोटो काढून घेतला. मग म्हणाले, "जूनची काळजी सोडा. पण अमरावतीला विभागीय सामने आहेत. तिथं हे मागे जाऊन उभं राहणं चालत नाही बरं. प्रशिक्षकाला खुर्ची असते. खुर्चीवरच बसावं लागतं."

परतीच्या बसमध्ये पोरं गात होती. भागीरथा दारापाशी दांडा धरून उभी होती. पियूष सीटवरून सरकत तिच्याजवळ आला.

"मॅडम, अमरावतीले तुम्ही कुठं राहाल?"

"खुर्चीवर."

"मंग मी कुठं जाऊ?"

तिनं दांडा दुसऱ्या हातात घेतला. बाहेर तुरीची शेतं मागे जात होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं शिक्षकांच्या खोलीतली आपली खुर्ची उचलली, पिशवी खाली ठेवली आणि खुर्ची मैदानाच्या कडेला आणून मांडली. पोरं बघत राहिली. ती बसली. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या.

"पियूष, पळ. कोणी बोलाचं नाई. तू पण नाई, सलील."

पियूष पळाला. पोरांनी घेरलं, तो निसटला, रेषेच्या पार गेला. आणि तिथे चेंडू छातीशी धरून उभा राहिला. भागीरथाकडे बघत. तिच्या घशात हाक आली होती. तिनं ओठ आत ओढून घेतले.

"मॅडम, ठेवू?" पियूषनं लांबून विचारलं.

तिनं खुर्चीच्या कडा आणखी घट्ट धरल्या.

तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. पोरं त्याच्या जवळ येऊ लागली. मग त्यानं तिच्यावरची नजर काढली, पायाखाली पाहिलं आणि चेंडू टेकवला. माघारी आला नाही. तिथेच, चेंडूशेजारी, मांडी घालून बसला.

भागीरथा ताडकन उठली. खुर्चीचे पाय मातीत रुतले होते. तिनं ती उपटून सरळ केली.

"पुन्हा," ती म्हणाली, आणि बसली.