धुक्यातला डावा कान

भूतखेत, संकेत, भानामती… असल्या गप्पा सुरू झाल्या की मी हमखास चहा आणायला उठायचो. आज स्वतःच लिहायला बसलोय, तेव्हा हसा खुशाल.

मी मूळचा सांगलीचा, सध्या पंजाबात खरडला राहतो आणि मोहालीत गेम्सचा आवाज प्रोग्राम करतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात किंचित उशिरा. दोन कानांतल्या लाटा जराशा मागेपुढे पडतात आणि त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. तो फरक मी आकड्यांत बसवतो. गंमत म्हणजे — मी तो कधी ऐकलेलाच नाही! लहानपणी गालगुंड होऊन माझा डावा कान ठार बहिरा झाला. माझं काम शेवटी सहकारी हरप्रीत हेडफोन लावून तपासतो, "पक्का है सर जी" म्हणतो, मग मी निर्धास्त.

मला आवाजाची दिशा कळत नाही, म्हणून बायकोने घरात नियमच केलाय. मला हाक मारताना जागा सांगायची. "बाबा, किचन!" "बाबा, बाल्कनी!" सहा वर्षांची आमची आभा दिवसभर असंच ओरडते.

जानेवारीतली सकाळ, दहा वाजले असतील. धुक्यात स्वतःचे बूट दिसत नव्हते. सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर आभा कुत्र्याच्या पिल्लामागे धावली आणि… दिसेनाशी झाली. प्लॉटला कुंपण नाही. पलीकडे थेट हायवे.

"आभा! कुठे आहेस?"

"पता नहीं बाबा! कुछ दिख नहीं रहा!"

आता जागा कोण सांगणार? आवाज येत होता, पण कुठून ते कळेना. "हलू नकोस!" मी ओरडलो. "मैं आ रही हूँ," ती रडत म्हणाली आणि चालायला लागली. इतका मी आयुष्यात घाबरलो नव्हतो.

आणि मग — "बाबा!" डावीकडून. थोडं मागून. त्या मेलेल्या कानात!

मी मानही वळवली नव्हती. तसाच फिरलो आणि हाकेच्या रोखाने सरळ धावलो. पंचवीस-तीस पावलं… हात टाकला तो नेमका तिच्या स्वेटरवर पडला. समोरून ट्रक गेला, त्याचा वारा तोंडावर बसला. तिला खांद्यावर घेऊन मी रडत रडत अक्षरशः नाचलो. सापडली होती, आणि मी शोधली होती!

पुढच्या आठवड्यात कान तपासून घेतला. डावा पूर्वीइतकाच ठार. हरप्रीत म्हणाला, "तुक्का लग गया होगा, सर." असेलही. पण अंदाज बांधणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. मी दिशा ऐकली, तुम्ही रोज ऐकता तशी. कशी, ते मला आजही सांगता येत नाही.

तेव्हापासून आभा जागा सांगत नाही, नुसतं "बाबा!" म्हणते. आईने टोकलं तर म्हणाली, "बाबा को पता चल जाता है."

मी अजूनही आधी बाल्कनीत जातो, मग बेडरूममध्ये… ती असते किचनमध्ये. पण खरं सांगतो, चुकीच्या खोलीतही मी छाती फुगवूनच शिरतो.