निकालाआधीचा फ्लेक्स

माझ्या परीक्षेचा निकाल लागायच्या सव्वा महिना आधी वडगाव रासाईच्या चौकात माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. फोटो लग्नातला होता. शेजारी उभा नवरा कापून टाकलेला, पण त्याचा खांदा राहून गेला होता.

याचं मूळ कुरकुंभला. तिथल्या एका औषध कारखान्यासाठी मी सहा वर्षांपूर्वी पाळ्यांच्या हजेरीचं सॉफ्टवेअर लिहिलं. ते एकदाही बंद पडलं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या युनिटचं काम मलाच मिळणार हे मी गृहीत धरलं होतं. मग नवे मॅनेजर आले.

"मॅडम, तुम्ही सर्टिफाइड आहात का?"

"तुमच्या गेटवर सहा वर्षं जे चालतंय, ते मीच लिहिलंय."

"ते ठीक आहे. पण सर्टिफाइड?"

दोन महिन्यांची मुदत मिळाली. तेवढ्या वेळात प्रमाणपत्राचा कागद आला नाही, तर काम पुण्याच्या एका कंपनीकडे जाणार होतं. दौंडमधल्या आमच्या चार खुर्च्यांच्या ऑफिसला तेवढं एकच मोठं काम दिसत होतं. मी परीक्षेचा फॉर्म भरला, पण तोंड वाकडं करूनच. प्रमाणपत्रांबद्दल माझं मत आमच्या घरच्या शोकेसने बनवलं होतं. सासरे, म्हणजे आप्पा, गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन. शोकेसमध्ये त्यांची एकवीस सन्मानचिन्हं आहेत. त्यातली निम्मी कशाबद्दल मिळाली, हे त्यांनाही आठवत नाही.

फॉर्म भरल्याचं मी जेवताना सांगितलं. तिसऱ्या दिवशी फ्लेक्स चौकात. 'परीक्षेत उज्ज्वल यश संपादन केल्याबद्दल.'

"आप्पा, अजून परीक्षाच झाली नाही."

"व्हईल की. पुढं लग्नसराई हाय, फ्लेक्सवाला सापडायचा न्हाई."

"आणि नापास झाले तर?"

"नापास व्हायला तू काय इलेक्शनला उभी हायस व्हय?"

आता अभ्यास करणं भाग होतं. पुस्तकाची पहिली शंभर पानं मी चुका काढण्याच्या हेतूने वाचली. बऱ्याच सापडल्या. पुढे बॅकअपचं प्रकरण आलं. त्याच्या शेवटी साधा प्रश्न होता: तुमचा बॅकअप परत उतरवून तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

मी कधीच पाहिला नव्हता. रोज बॅकअप झाल्याची हिरवी खूण यायची, आणि ती बघून मी चहा घ्यायचे.

त्या रविवारी दुपारी जुन्या लॅपटॉपवर बॅकअप उतरवला. पहिली चार वर्षं जशीच्या तशी आली. नंतरची दोन वर्षं कोरी. तेव्हा आठवलं की कारखान्याने मध्यंतरी सर्व्हर बदलला होता. माझा प्रोग्रॅम मात्र जुन्या, रिकाम्या फोल्डरची रोज इमानेइतबारे नक्कल काढत बसला होता. सर्व्हर एकदा जरी बसला असता, तरी सगळ्या कामगारांची दोन वर्षांची हजेरी गेली असती.

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती केली. ती गुपचूप करून मोकळं होता आलं असतं, पण सोमवारी मॅनेजरना जाऊन सगळं सांगितलं.

"हे मला कधीच कळलं नसतं," ते म्हणाले.

"मलाही कळलं नव्हतं."

मला वाटलं, आता कागदाची अट सोडतील. त्यांनी डायरी उघडली. "परीक्षा कधी आहे?"

त्या शुक्रवारी परीक्षा दिली आणि चार गुणांनी नापास झाले. घरी येताना चौकात माझा फोटो हसत होता.

"आप्पा, तो उतरवा."

"कशापायी? परत बसायचं न्हाई का?"

"बसायचंय. पंधरा दिवसांनी."

"मग राहू दे. त्यावर तारीख कुठं हाय?"

पंधरा दिवसांनी मी पास झाले, मुदतीच्या पाच दिवस आधी. मॅनेजरनी प्रमाणपत्राला पंचने दोन भोकं पाडली, गुण न वाचता ते फाइलला लावलं आणि कामाची ऑर्डर पुढे केली. अपमान वाटायला हवा होता, वाटला नाही. त्या कागदावर माझ्या हुशारीबद्दल काही लिहिलेलं नाहीच, असलंच तर त्या रविवारच्या दुपारबद्दल लिहिलेलं असावं. आता ऑफिसात कुणी नवं आलं की मीही प्रमाणपत्र मागते. मग विचारते, अभ्यास करताना स्वतःची कोणती चूक सापडली? बरेच जण एकही नाही म्हणतात. त्यांना मी पुन्हा अभ्यास करायला सांगते.

आप्पा नवा फ्लेक्स छापायला निघाले होते.

"नको आप्पा. आता तोच खरा झालाय."

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी दोन्ही युनिटांचा बॅकअप उतरवून बघते. फ्लेक्स सध्या गोठ्यामागे कडब्यावर आहे, माझं तोंड वरच्या बाजूला. परवा वळीव झाला, तेव्हा आप्पांनी एक कोपरा उचलून आत हात घातला. कडबा कोरडा होता.