बदल्यांचा रविवार

…तर सुधाकरराव तरातरा कॉलनीच्या सेक्रेटरीकडे गेले आणि म्हणाले, "साहेब, ठेकेदारानं तुम्हाला सरळसरळ गंडवलंय. खांब उभे केले, फळ्या ठोकल्या, पण टोपलीला बूडच नाही!" इथवर काल आलो होतो आपण, आणि हसता हसता गोष्ट तिथंच राहिली. आता पुढं ऐका.

सेक्रेटरी बंगाली, सभ्य माणूस. तो हसला नाही. त्यानं एका खेळाडूकडून चेंडू मागून घेतला आणि वर भिरकावला. चेंडू टोपलीत गेला, जाळीतून घसरला आणि टप्पकन सुधाकररावांच्या पायाशी आला. सुधाकररावांनी आधी चेंडूकडं पाहिलं, मग वर पाहिलं. "असं होय," ते म्हणाले. "आणि मी पत्र लिहायला निघालो होतो!"

बास्केटबॉलशी त्यांची ओळख झाली ती अशी. सांगलीकडच्या खेड्यात हुतुतू आणि आट्यापाट्या खेळून वाढलेला माणूस. बँकेत चिकटला आणि पहिल्याच बढतीला थेट बंगालमध्ये, खिदिरपूरच्या शाखेत येऊन पडला. राहायला गार्डन रीचच्या त्या कॉलनीत. बदलीचा हुकूम आला तेव्हा आईनं गावच्या देवीला नवस बोलला होता, की बदली रद्द कर, नारळांचं तोरण बांधीन. देवीनं काही ऐकलं नाही. ऐकलं असतं तर टोपलीला बूड नसतं हे सुधाकररावांना आजतागायत कळलं नसतं.

पण एकदा कळलं, आणि मग हा गडी त्या खेळाच्या असा नादी लागला की विचारू नका. पुढं शहराचा धंदेवाईक संघ निघाला, खिदिरपूर क्रेन्स, तेव्हा पहिल्या सामन्याला पहिल्या रांगेत हेच. निवृत्त झाले, गावाकडचे लोक म्हणाले, आता या परत. सुधाकरराव म्हणाले, "सीझन संपू दे." सीझन संपायचा आणि दुसरा लागायचा. लीनाताई, त्यांच्या पत्नी, प्रत्येक सामन्याला धपाट्यांचा डबा घेऊन त्यांच्या शेजारी बसायच्या. सुरुवातीला त्यांना खेळात काडीचा रस नव्हता. रस आला तो गेल्या दोन वर्षांत, कारण त्यांचा मुलगा क्षितिज क्रेन्समध्ये आला. त्याच कॉलनीतल्या, त्याच बिनबुडाच्या टोपलीखाली शिकलेला पोरगा. क्षितिज मैदानात उतरला की लीनाताई पदर डोळ्यांवर घ्यायच्या आणि विचारायच्या, "अहो, पडला का?" सुधाकरराव म्हणायचे, "कोण, चेंडू की पोरगा?"

सीझन संपला की बाकीच्या प्रेक्षकांना सुतक लागतं. सुधाकररावांच्या मंडळींना उलट उधाण येतं. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाला दुसऱ्या संघातून आणायचं, याचा काथ्याकूट करायला ती खिदिरपूरच्या पुलाजवळ निमाईदांच्या चहाच्या टपरीवर जमतात. मंडळी म्हणजे तरी किती? मनोहर, कस्टममधून निवृत्त, जिभेला हाड नसलेले. चैत्राली, सेक्टर फाइव्हला कॉम्प्युटरच्या कंपनीत, सगळे आकडे तोंडपाठ. आणि स्वतः निमाईदा, ज्यांना इतकी वर्षं ऐकून ऐकून मराठी सगळं समजतं, पण उत्तर देतात बंगालीत. त्यातल्या दोघांचा जन्म बदलीच्या नोकरीत गेलेला, त्यामुळं त्या दिवसाला त्यांनी नावच ठेवलंय, बदल्यांचा रविवार.

त्या रविवारचे कायदे कडक. प्रत्येकाच्या हातात चहाचा मातीचा कप. एकेका खेळाडूचं नाव निघतं आणि प्रत्येकानं सांगायचं, राहू दे की जाऊ दे. "बघू", "विचार करू" असलं सरकारी उत्तर चालत नाही. आणि सगळ्या नावांचा निकाल दिल्याशिवाय रिकामा कप टपरीपुढच्या टोपलीत फेकायचा नाही. तो टोपलीत फुटल्याचा आवाज झाला, की त्या माणसाचं मत नोंदलं गेलं. ज्याचं अडलं, तो बसतो कप घट्ट धरून, आणि बाकीचे त्याला पिडतात.

दुसरा कायदा सुधाकररावांनी स्वतः केलेला. जुना कर्णधार सुमित एकदा मनोहरांच्या घरी येऊन पुरणपोळी जेवून गेला होता. त्याचे गुडघे गेले तरी मनोहर म्हणत राहिले, राहू दे, राहू दे. तेव्हा सुधाकरराव कडाडले होते, "मनोहर, पोळी तुझी होती, ती वाढलीस. संघातली जागा काय तुझ्या घरची आहे वाढायला?" तेव्हापासून ठरलं, टपरीवर माया आणायची नाही.

आता यंदाची गंमत बघा. क्रेन्सकडं टोपलीखाली उभा राहणारा उंच गडी, म्हणजे सेंटर नाही, हे तीन सीझनचं दुखणं. मनोहर तर येईल त्याला सांगायचे, "आपला सगळ्यात उंच माणूस जिवाच्या आकांतानं उडी मारतो, तेव्हा समोरचा नुसता हात वर करतो, जांभई दिल्यासारखा!" आणि यंदा नेमका पंजाबचा संघ आपला सेंटर द्यायला तयार झाला. ताडामाडाएवढा माणूस. बदल्यात त्यांनी एकच खेळाडू मागितला. क्षितिज.

खेळाडूची संमती लागते. संध्याकाळपर्यंत क्षितिजनं मॅनेजरला हो किंवा नाही कळवायचं होतं.

सकाळी पोह्यांच्या बशीपुढं बसून त्यानं विचारलं, "बाबा, सांगा ना, मी काय करू? तुम्ही म्हणाल ते मी करेन."

ज्या माणसानं आख्ख्या संघाचे निकाल लावले, त्या माणसानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. "आईला विचार."

लीनाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मला नका विचारू. मी म्हणणार, राहा. तो कोपऱ्यावर दही आणायला निघाला तरी माझ्या मनात तेच येतं." आणि सुधाकरराव चपला घालायला लागले तशा दारात आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, एवढंच सांगते. तिकडं टपरीवर आपल्या पोराचा निकाल लावून येऊ नका."

रस्ताभर सुधाकररावांना ऑटोवाल्याशी बोलायचं सुचलं नाही. एरवी बोलून बोलून त्याला चुकीच्या गल्लीत घालतात.

टपरीवर सगळे आले होते, फक्त मनोहर उशिरा. जहाज जायचं म्हणून पूल वर गेला होता आणि ते पलीकडं अडकले होते. आल्या आल्या म्हणाले, "सुधाकरराव, तुम्ही आज आलात?"

"का? माझी बदली झाली की काय?"

"नाही हो, आपलं… ऊन फार आहे."

चहा आला. नावं निघाली. एका जाड्या फॉरवर्डवर मनोहरांनी तोंडसुख घेतलं, "तो धावतो का तरंगतो तेच कळत नाही, जाऊ दे!" चैत्रालीनं एका नव्या पोराची बाजू घेतली. निमाईदांनी बंगालीत कोणाची तरी आई-बहीण न काढता जेवढी निंदा करता येते तेवढी केली. हळूहळू रंग भरला. आणि मग एकच नाव उरलं. सगळ्यांना एकदम आपापल्या चहात काहीतरी दिसायला लागलं.

शेवटी मनोहर घसा खाकरून म्हणाले, "मी काय म्हणतो, आपल्याला सेंटरची एवढी गरज तरी काय आहे?"

सुधाकररावांनी मान वर केली.

"नाही, म्हणजे उंची उंची काय घेऊन बसलात? चपळाई पाहिजे. क्षितिज राहू दे." आणि मनोहरांनी घाईघाईनं कप टोपलीत टाकला.

चैत्राली म्हणाली, "हो काका. उंचीचं तसं काही नसतं. राहू दे." तिचाही कप फुटला.

निमाईदा तर किटली घासायलाच बसले, घासता घासता बंगालीत म्हणाले, "घरचा मुलगा आहे, थाकुक." म्हणजे, राहो.

उरला एकच कप, सुधाकररावांच्या हातातला. खरं तर ही मंडळी त्यांना या निकालातून अलगद उचलून घरी सोडायला निघाली होती. बहुमत झालं होतं. राहू दे म्हणायचं, कप टाकायचा, घरी जाऊन लीनाताईंना सांगायचं, सगळ्यांचंच असं पडलं. पण सुधाकररावांना कसंसंच झालं. आजवर या टपरीवर कोणी कोणाशी खोटं बोललं नव्हतं. भांडणं झाली होती, मनोहर एकदा महिनाभर आले नव्हते, पण खोटं नाही. आणि आज तिघं आपल्यासाठी खोटं बोलत होते, तेही इतकं वाईट, की लहान मूलसुद्धा पकडेल.

"मनोहर," ते म्हणाले, "तीन वर्षं तू सेंटरसाठी डोकं खाल्लंस माझं. गणपतीत आरतीच्या मध्ये सेंटर, लग्नात अक्षता टाकताना सेंटर. आणि आज सेंटर नको?"

मनोहर टोपलीतल्या फुटक्या कपाकडं बघायला लागले.

"चैत्राली, तू आकडेवाली ना? मग खरं सांग. क्षितिज किती खेळतो?"

"काका, जाऊ दे ना."

"जाऊ दे हे मत आहे का तुझं?"

"तसं नाही हो!" तिचा चेहरा उतरला. "सामन्याला चारपाच मिनिटं. तेही निकाल लागल्यावर."

"आणि तिकडं?"

"त्यांचा चेंडू खेळवणारा पहिला गार्ड निवृत्त झालाय. तिकडं तो सुरुवातीपासून उतरेल. त्यासाठीच तर मागितलाय त्याला."

हे सुधाकररावांना ठाऊक नव्हतं असं नाही. दोन वर्षं ते पहिल्या रांगेतून तेच बघत आले होते. पोरगा बेंचवर बसायचा, गळ्यात टॉवेल, आणि कोणी बास्केट केली की टाळ्या पिटायला सगळ्यात आधी उभा. सामना संपल्यावर घरी येऊन तो घाम पुसल्यासारखं करायचा. कोरडंच कपाळ असायचं. लीनाताई म्हणायच्या, दमला असेल. सुधाकरराव नुसतंच ताटात वाढायला लावायचे.

त्यांना आपली आई आठवली. मुलाची बदली रद्द व्हावी म्हणून देवीपुढं उभी राहिलेली. ती चुकली होती असं त्यांना कधी वाटलं नाही, आजही वाटलं नाही. फक्त आज त्यांच्या हातात तो नवस फळवायची ताकद होती. देवीच्या जागी तेच बसले होते. एक शब्द टाकला असता की पोरगा राहिला असता. कपाळ कोरडं ठेवून राहिला असता.

"निमाईदा," ते म्हणाले, "किटली खाली ठेवा. तुम्ही पण ऐका." मग कपातला उरलेला चहा संपवला. "जाऊ दे."

आणि त्यांनी कप फेकला. नेम चुकला. तो टोपलीच्या काठाला आपटून बाहेर फुटला.

कोणी हसलं नाही. मनोहर वाकले, तुकडे एकेक करून वेचले आणि टोपलीत टाकले. "गेला हो आत," ते म्हणाले. चैत्राली चष्मा पुसत होती. निमाईदांनी न विचारता दुसरा चहा ओतला आणि सुधाकररावांच्या हातात दिला. आजवर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

मनोहर शेजारी बसले. "सुधाकरराव, घरी काय सांगणार?"

"तेच बघतोय. तू चल बरोबर. धपाटी फेकून मारली तर निम्मी तुला लागतील."

तेवढ्यात फोन वाजला. क्षितिज. पुलावर ऑटोंचे भोंगे चालू होते, ऐकू येईना, म्हणून सुधाकररावांनी फोनचा आवाज मोठा केला. आता टपरीला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, मीटिंग झाली का तुमची? निकाल काय?"

"तीन म्हणाले राहू दे. एक म्हणाला जाऊ दे."

मग क्षितिजनं हळूच विचारलं, "तो एक कोण, ते मी ओळखू?"

"ओळख."

"बाबा…" पोराचा आवाज भरून आला, पण त्यात काहीतरी मोकळं झाल्यासारखंही होतं. "मला जायचंच होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलत नव्हतो. आई इथं शेजारीच बसलीय, सगळं ऐकतेय. रडतेय, पण बॅगेत लोणचं किती मावेल ते पण विचारतेय." मग तो जरासा हसला. "एक सांगा. आमचा पंजाबचा संघ पुढच्या सीझनला इथं खेळायला येणार, क्रेन्सच्या विरुद्ध. तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूनं बसणार?"

मनोहर कान देऊन पुढं सरकले. निमाईदांनी गॅस बारीक केला. सुधाकररावांनी चहाचा एक घोट घेतला, फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणाले:

"हे बघ, मी आपल्या क्रेन्सच्या बाजूनं बसणार, आणि तू चेंडू घेऊन आलास की सगळ्यात मोठ्यानं तुझ्याविरुद्ध ओरडणार, ते आत्ताच ऐकून ठेव. तुझी आई बसेल तुझ्या बाजूला. फक्त तिला सांग, डबा माझ्याकडं देऊन मग तिकडं जा."